रंग नंतर, सेट आधी

सप्रेम नमस्कार,
आम्ही डिचोलीत राहतो. माझे धाकटे दीर बोटीवर होते. दर सुट्टीला येताना माझ्या मुलासाठी लेगोचा, म्हणजे प्लास्टिकच्या विटा जोडायच्या खेळाचा, एखादा डबा हमखास आणायचे. मुलगा आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि दोन पोती, बिस्किटांचे डबे नि एक पत्र्याची ट्रंक भरून हे सगळं माळ्यावर पडलंय. विकून चार पैसे आले तर त्याच्या हॉस्टेलच्या खर्चाला होतील, म्हणून खाली काढलं. रंगाप्रमाणे लावायला घेतलं. लाल, निळं, पिवळं वेगळं झालं, पण आता पांढऱ्या ढिगातून एक बारका तुकडा शोधायचा तर डोळे दुखायला लागतात. काही पांढरे तुकडे पिवळट पडलेत. नणंद म्हणते, ब्लीचमध्ये टाक. घरचे म्हणतात, भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो. ऑनलाइन शंभर खणांचं कपाट बघून ठेवलंय, ते घेऊ का? आणि पावसाच्या आधी हे आवरेल का?
– एक वाचक, डिचोली

ताई,

भंगारवाल्याला देऊ नका, कपाट घेऊ नका, ब्लीच तर अजिबात नको. आणि रंगाप्रमाणे लावणं आजच थांबवा.

भंगाराचं आधी सांगते, कारण घरात रोज तोच विषय निघत असणार. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. नवा डबा इतका महाग पडतो, म्हणून वापरलेल्या पण खऱ्या लेगोला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे. शिवाय हा माल शिळा होत नाही. १९५८ साली ज्या रचनेचं पेटंट मागितलं, त्या रचनेची वीट आजच्या विटेतही बसते. तुमच्या दिरांनी आणलेला डबा कितीही जुना असला तरी आजच्या मुलाला तो खेळायला चालतो. भंगारात त्याचं फक्त प्लास्टिकचं वजन होईल.

आता मुख्य गोष्ट. लावायला बसण्याआधी हे कसं विकायचं ते ठरवा. त्यावरच सगळं अवलंबून आहे. पूर्ण सेट म्हणून, म्हणजे एका डब्यातून आलेलं खेळणं अख्खं विकता येतं, लेगोची छोटी प्लास्टिकची माणसं वेगळी विकता येतात, उरलेलं किलोवर विकता येतं आणि एकेक तुकडा सुटा विकता येतो. हा शेवटचा प्रकार म्हणजे दुकानच. हजारो नोंदी, रोजच्या चौकशा, पाच-दहा तुकड्यांची पाकिटं बांधत बसणं. शंभर खणांचं कपाट त्या दुकानदाराला लागतं. तुमच्याकडे एका घरातला, एका मुलाचा माल आहे. तो एकदा विकला की संपला. तुम्ही पहिल्या तीन वाटांनीच जा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्यातही सेट आधी. पुस्तिकेसह, माणसांसह पूर्ण असलेल्या सेटला जो भाव मिळतो, तो त्याच तुकड्यांना किलोवर कधीच मिळत नाही.

रंगाप्रमाणे लावताना नेमकं हेच बिघडतं. ट्रंकेत एका कोपऱ्यात एका सेटचे तुकडे अजून जवळजवळ असतात, कारण मुलं मोडलेलं खेळणं उचलून तसंच डब्यात टाकतात. रंग वेगळे केले की ती सोबत तुटते. तुम्ही लाल, निळं, पिवळं केलंय ते राहू द्या, पण ट्रंक आणि बिस्किटांचे डबे अजून उपसले नसतील तर त्यांना तसेच ठेवा. अर्धवट जोडलेली गाडी, भिंतीचा तुकडा, विमानाचं शेपूट सापडलं तर मोडू नका. तो तुकडा कुठल्या सेटचा ते तोच तुम्हाला सांगणार आहे.

त्याआधी मुलाला फोन करा. व्हिडिओ कॉलवर ट्रंक उघडून दाखवा. कुठला डबा कधी आला, कशाला काय जोडलं होतं, हे त्याच्याइतकं कोणालाच आठवणार नाही. आणि त्यातलं काही त्याला स्वतःला ठेवायचं असेल तर तेही आत्ताच कळेल. गिऱ्हाईक ठरल्यावर कळलं तर दोघांनाही वाईट वाटेल.

मग पुस्तिका गोळा करा. प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सेटचा आकडा छापलेला असतो. एक वही घ्या आणि एका आकड्याला एक पान द्या. पुस्तिका हरवली असेल तरी आकडा मिळाला की लेगोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून बऱ्याच सेटच्या पुस्तिका फुकट उतरवता येतात, आणि ब्रिकलिंकवर त्या सेटमधल्या तुकड्यांची यादी मिळते. ब्रिकलिंक हा तुकड्यांचा मोठा ऑनलाइन बाजार आहे. २००० साली तो एका हौशी माणसाने सुरू केला आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतला. बऱ्याच पुस्तिकांच्या शेवटच्या पानांवरही तुकड्यांची चित्रं आकड्यांसह असतात.

सेट जुळवताना साध्या विटांपासून सुरुवात करू नका. यादीतले वेगळे तुकडे आधी शोधा: गाडीची काच, दार, छापील नंबरप्लेट, चाकाची जोडी, शिडी, झेंडा. हे सापडले तर सेट जगला असं समजा, कारण लाल दोन बाय चारची वीट (वर चार-चार खुंट्यांच्या दोन ओळी असलेली) तुमच्या त्या लाल ढिगातून कुठूनही भरता येते. वेगळे तुकडेच निम्मे नसतील तर त्या सेटमागे रात्री घालवू नका. तो किलोत जाऊ दे. एक-दोन तुकडे कमी असलेला सेटही विकला जातो, फक्त काय कमी आहे ते लिहायचं.

अनोळखी तुकडा हातात आला तर तो उलटा करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आतल्या नळ्यांच्या मधे बारीक आकडा उठलेला दिसेल. दोन बाय चारच्या विटेवर ३००१, दोन बाय दोनवर ३००३, एक बाय दोनच्या पातळ पट्टीवर ३०२३. हाच आकडा ब्रिकलिंकवर शोधायचा. आकडा वाचता आला नाही तर ब्रिकॉग्नाइझ नावाच्या साइटवर फोटो टाका, ती तुकडा ओळखून देते. आणि हे करतानाच वरच्या खुंट्या बघत जा. खऱ्या लेगोच्या प्रत्येक खुंटीवर कंपनीचं नाव बारीक उठावात असतं. जत्रेतून, फेस्तातून आणलेले दुसऱ्या बनावटीचे तुकडे प्रत्येक घरात थोडे तरी मिसळलेले असतात. ते वेगळ्या पिशवीत. खऱ्यात चार खोटे मिळाले की घेणाऱ्याचा सगळ्या मालावरचा विश्वास उडतो.

एका गोष्टीत मात्र रंगाकडे नीट बघावंच लागतं, ती म्हणजे राखाडी. २००४ च्या सुमारास लेगोने आपले दोन्ही राखाडी आणि तपकिरी रंग बदलले. जुना राखाडी किंचित पिवळसर, मातीकडे झुकणारा आहे, नवा निळसर. रात्री पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात. सकाळी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे फरक लगेच कळेल. २००० सालच्या किल्ल्यात नवा राखाडी घातला तर मुलाला काही वाटणार नाही, पण जो जाणकार हा किल्ला घेणार आहे तो फोटो मोठा करून तेच बघतो. त्यानंतरच्या काही वर्षांतले लालसर तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात. ते जोडलेले असतील तर ओढाताण करू नका, टचकन मोडतात. घट्ट चिकटलेल्या पट्ट्या काढायला लेगोचं छोटं चपटं हत्यार येतं, तुमच्या डब्यांत एखादं असेलही. सुरी आणि दात वापरू नका. दातांची खूण फोटोत दिसते आणि भाव उतरतो.

माणसांचा विषय वेगळा. लेगोची माणसं आजच्या रूपात १९७८ साली आली, आणि आज सुट्या मालात सर्वांत आधी तीच उचलली जातात. डोकं, केस किंवा टोपी, धड, पाय, हातातली वस्तू असं एकेक माणूस जुळवून प्रत्येकाला छोट्या पिशवीत ठेवा. धडातून हात उपसू नका. धडाच्या बाजूला, काखेखाली, बारीक उभी चीर आहे का ते उजेडात बघा, जुन्या धडांना ती पडते. पिवळी डोकी साध्या सेटची असतात. चित्रपटांवरच्या सेटमधली माणसं २००४ च्या सुमारापासून कातडीच्या रंगाची आहेत. पिवळ्या हातांच्या धडावर गोरं डोकं बसवलेलं दिसलं तर समजा की अदलाबदल झालीय. कापडी झगे चपटे ठेवा, घडी घालू नका. किलोच्या मालात एकही माणूस जाऊ देऊ नका, आणि जाहिरातीत ‘माणसं नाहीत’ असं स्वच्छ लिहा.

एवढं झाल्यावर जे उरेल त्याला फार बारीक लावायची गरज नाही. इथे आकाराप्रमाणे लावा. वेगवेगळ्या आकारांच्या ढिगातून एक बारका पांढरा तुकडा शोधणं कठीण. पण एकाच आकाराच्या ढिगात पांढरा, लाल, निळा डोळ्याला आपोआप वेगळे दिसतात. तुमचे डोळे दुखतायत त्याचं कारण हेच. विटा, पातळ पट्ट्या, उतरत्या छपराचे तुकडे, चाकं नि दांडे, खिडक्या-दारं, आणि बाकी सगळं. इतकंच पुरे.

हे हाताने वेचत बसू नका, चाळा. भोकं पडलेला भाजीचा क्रेट आधी घ्या, त्याखाली मोठ्या भोकांची चाळण. क्रेट हलवला की मोठ्या विटा वर राहतात, मधल्या चाळणीत अडकतात, आणि एक बाय एकचे दाणे खालच्या परातीत पडतात. एका पोत्याचं निम्मं काम एका दुपारीत होतं. खाली जुनी चादर पसरा. चार कोपरे उचलले की सगळं परत पोत्यात.

आता धुणं, आणि इथे घाई आहे. तुमचं पत्र मे महिन्यात आलंय. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास उतरतो, आणि एकदा उतरला की विटांच्या नळ्यांतलं पाणी सुकतच नाही. म्हणून क्रम उलटा करा: धुणं आधी, लावणं पावसात घरात बसून. जे एकत्र सापडलं ते एकत्रच धुवायचं, त्यासाठी जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून घ्या. बादलीत कोमट पाणी, हाताला सहज सोसेल इतपतच. लेगोचं स्वतःचं सांगणं ४० अंशांपर्यंतचं आहे. त्यात भांड्यांचा पातळ साबण थोडा. थोडा वेळ भिजू द्या, पिशवी खळबळा, दोन-तीन पाण्यांतून काढा. विहिरीच्या पाण्याला लोहाचा रंग असेल तर शेवटचं पाणी नळाचं घ्या. स्टिकर असलेले तुकडे, मोटारी आणि बॅटरीचे डबे पाण्यात जाणार नाहीत. ते ओलसर फडक्याने पुसा. बॅटरीच्या डब्यात जुनी बॅटरी राहिली असेल तर आजच काढा. आपल्या हवेत पत्र्यावर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. लोखंडी दांड्यांची चाकं असतील तर तीही कोरडीच पुसा, नाहीतर गंज धरतील.

वाळवताना उन्हाचा मोह होईल. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे, दिवस आहेत, अंगणात मिरच्या, सोलं, पापड वाळत असतील आणि त्याच खाटेवर विटा पसरायचं मनात येईल. तसं करू नका. सोलांच्या पाण्याचा डाग पांढऱ्या विटेवरून निघत नाही, आणि कडक ऊनच पांढरा नि निळा तुकडा पिवळट करतं. पडवीत, पंख्याखाली, सुती लुगड्यावर पसरा आणि अधूनमधून हाताने खालवर करा. एक वीट उलटी करून हातावर आपटून बघा. थेंब पडला तर अजून राहू द्या.

पिवळट पडलेल्यांचं काय, हा तुमच्या नणंदेचा प्रश्न. घरातलं ब्लीच रंग आणि छपाई दोन्ही खातं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवण्याची एक पद्धत आहे. तिने तुकडे उजळतात, पण काही दिवसांनी पिवळेपणा परत येऊ शकतो आणि तुकडे कमजोर झाल्याची तक्रारही ऐकू येते. घेणाऱ्याला ते कळलं तर तुमचंच नाव खराब. पिवळट तुकडे वेगळे काढा आणि ‘पिवळट’ म्हणूनच किलोत घाला.

साठवण. माळ्यावर परत चढवू नका. कौलांखालचा माळा मेमध्ये तापतो आणि जुलैत गळतो. प्लास्टिकला त्यात तितकं होणार नाही, पण पुस्तिका, खोकी आणि स्टिकरचे कागद हकनाक जातील. पुस्तिकांना बुरशी धरते, कसर लागते, आणि मग सेट पूर्ण असूनही भाव पडतो. पुस्तिका आधी दिवसभर पंख्याखाली ठेवा, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातून, औषधांच्या डब्यातून येतात त्या चालतील, पण निळ्या दाण्यांची मोठी पिशवी घेतलीत तर बरं. दाणे गुलाबी पडले की बदलायची वेळ झाली हे कळतं. डांबराच्या गोळ्या मात्र यात टाकू नका. त्या प्लास्टिकला मऊ करतात, आणि वास तर जन्मभर जात नाही. खोकी भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको. पाटावर किंवा फळीवर ठेवा, नाहीतर भिंतीतली ओल आणि वाळवी दोन्ही पोचतात.

विटांसाठी झिप लॉकच्या पिशव्या आणि झाकणाचे पारदर्शक डबे पुरेत. दोन्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील. बारक्या तुकड्यांना गळाचं सामान ठेवायचे कप्प्यांचे डबे फार उपयोगी पडतात. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विचारा. रबरी टायर प्लास्टिकला चिकटून ठेवू नका, त्यांना वेगळी पिशवी. पिशव्यांना रबर बँडही नको. आपल्या उकाड्यात तो वितळून चिकटतो. मोठे हिरवे तळ आडवे, एकावर एक ठेवा. उभे ठेवले तर वाकतात.

प्रत्येक पिशवीत जाड कागदाची चिठ्ठी घाला, शिसपेन्सिलने लिहिलेली. बॉलपेन दमट हवेत फुटतं, प्लास्टिकवरचं मार्कर हाताळून पुसतं. चिठ्ठीवर सेटचा आकडा, काय कमी आहे, आणि डब्याचा क्रमांक. तोच क्रमांक वहीतल्या त्या सेटच्या पानावर. गिऱ्हाईकाचा रात्री मेसेज आला तर पाच मिनिटांत पिशवी हातात यायला हवी. लावून ठेवण्याचा सगळा उपयोग त्यासाठीच.

भाव ठरवताना ब्रिकलिंकवर गेल्या सहा महिन्यांत तो सेट कितीला विकला गेला ते दिसतं. ते परदेशी भाव आहेत, जसेच्या तसे लावू नका, पण कुठला सेट मौल्यवान आणि कुठला साधा, एवढा अंदाज नक्की येतो. गोव्यातल्यापेक्षा पुणे, मुंबई, बंगळुरूचं गिऱ्हाईक जास्त भेटेल, म्हणून पाठवणी खर्च वेगळा सांगा. फोटो सकाळच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर, माणसं समोर ओळीने उभी करून. जुळवलेल्या सेटचा एक फोटो, सुट्या तुकड्यांचा एक, आणि जिथे ओरखडा किंवा पिवळेपणा आहे तिथला जवळून एक.

पावसाच्या आधी आवरेल का? धुणं आणि वाळवणं आवरेल, तेवढंच मनावर घ्या. जुळवाजुळव पावसात चालू दे. गणेशचवथीच्या साफसफाईआधी घरातला पसारा डब्यांत गेलेला असेल, आणि दिवाळीला भेटी घेणारी माणसं शोधायला लागतात तेव्हा तुमचे बरेच सेट तयार असतील. पण सगळे सेट पूर्ण होईपर्यंत थांबू नका. पहिला मोजून पूर्ण झाला की त्याच दिवशी फोटो काढून विक्रीला लावा. येणारे लोक काय विचारतात ते त्यावरून कळेल, आणि दुसरा सेट जुळवताना काय तपासायचं तेही. पावसात कुरिअर करताना आतली पिशवी झिप लॉकची आणि खोक्याला बाहेरून प्लास्टिक, हे विसरू नका.